मद्यमुक्ती स्वमदत गट (ठाणे परिसर)

मद्यमुक्ती स्वमदत गट म्हणजे दारू सोडू इच्छिणाऱ्या आणि सोडलेल्या व्यक्तींनी परस्परांच्या आधारासाठी ठरावीक वारी, ठरावीक ठिकाणी नियमितपणे एकत्र जमण्याची व्यवस्था होय. अशा गटांपैकी 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' (संक्षेपाने ए.ए.) ही संघटना जगभर सर्वाधिक परिचित आहे. महाराष्ट्रात तिच्या सभांना सर्रास 'ए.ए.ची मीटिंग' असेच म्हटले जाते. रुग्णालय, व्यसनमुक्ती केंद्र आणि स्वमदत गट या तीन निराळ्या गोष्टी आहेत. रुग्णालयात शरीरावर उपचार होतात, केंद्रात काही आठवड्यांचे निवासी उपचार मिळतात, तर स्वमदत गट घरी परतल्यानंतरच्या पुढील सर्व वर्षांसाठी असतो. प्रस्तुत लेखात या गटांचे स्वरूप, त्यांची महाराष्ट्रातील वाटचाल आणि ठाणे शहराच्या ईशान्य कडेला असलेल्या बाळकुमसारख्या वस्तीतील व्यक्तीने आपल्या सोयीचा गट कसा शोधावा, याची माहिती दिली आहे.

संज्ञा

वैद्यकशास्त्र दारूच्या व्यसनाला आजार मानते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ साली ही भूमिका स्वीकारली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही मद्यावलंबनाचा समावेश आहे. लोकभाषा मात्र या बाबतीत मागे राहिली. 'दारुडा' आणि 'बेवडा' हे शब्द माणसाच्या आजाराविषयी नव्हे, तर त्याच्या लायकीविषयी बोलतात. 'तळीराम' हा तिसरा शब्द राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकातून आला. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील पात्राचे विशेषनाम पुढे सामान्यनाम बनले आणि वर्तमानपत्रे आजही ते गमतीने वापरतात. याच नाटकात पिणाऱ्यांचे 'आर्यमदिरामंडळ' आहे. सोडणाऱ्यांचे मंडळ मात्र नाही. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो तो एकट्याने, आणि तो निश्चय टिकत नाही. नाटकाच्या अभ्यासकांनी सुधाकराच्या स्वभावदोषाची पुष्कळ चर्चा केली आहे, पण त्याच्या एकटेपणाकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. स्वमदत गटाची सारी कल्पना याच एकटेपणाशी निगडित आहे.

उगम

न्यू यॉर्कमधील शेअर व्यवहारांशी संबंधित विल्यम ग्रिफिथ विल्सन हे १९३५ साली कामानिमित्त अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरी गेले होते. त्यांनी काही महिन्यांपूर्वीच दारू सोडली होती. काम फिसकटले आणि हॉटेलात एकटे असताना पुन्हा पिण्याची ओढ लागली. आपल्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या मद्यपीशी बोलले तर आपण तरू, असे त्यांना वाटले आणि त्यांनी शहरातील चर्चना दूरध्वनी करण्यास सुरुवात केली. त्यातून त्यांची गाठ रॉबर्ट होलब्रुक स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉ. स्मिथ यांनी शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ हा दिवस संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. या घटनेतील महत्त्वाचा भाग सहज नजरेआड होतो. विल्सन दुसऱ्याला वाचवायला निघाले नव्हते. स्वतः न पिता ती संध्याकाळ निभावून नेण्यासाठी त्यांना दुसरा माणूस हवा होता. मदत देणाऱ्यालाही मदत घेणाऱ्याची तेवढीच गरज असते, हे तत्त्व पुढे प्रत्येक गटाचा पाया ठरले.

१९३९ साली संघटनेच्याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात 'बारा पायऱ्या' प्रथम मांडल्या गेल्या. दारूपुढे आपले काही चालत नाही याची कबुली, स्वतःच्या दोषांची झडती, दुखावलेल्या माणसांची शक्य तेथे भरपाई आणि हाच अनुभव दुसऱ्या मद्यपीपर्यंत पोहोचवणे, असा त्यांचा साधारण क्रम आहे. गटांनी आपला कारभार कसा चालवावा हे सांगणाऱ्या 'बारा परंपरा' १९५० साली स्वीकारल्या गेल्या. सदस्यत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असावी, गटाने बाहेरून देणगी घेऊ नये आणि वृत्तपत्रांसारख्या माध्यमांत सदस्याने पूर्ण नावाने पुढे येऊ नये, हे नियम या परंपरांतून आले.

महाराष्ट्रातील वाटचाल

भारतात ए.ए.चा प्रसार १९५६–५७ च्या सुमारास सुरू झाला. दिल्लीत राजनैतिक नियुक्तीवर आलेल्या एका कॅनेडियन सदस्याच्या प्रयत्नांतून पत्रव्यवहार सुरू झाला आणि १९५७ साली मुंबईत भारतीय सदस्यांचे काम उभे राहिले. हा काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार त्या वेळी मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी होती आणि विनापरवाना पिणारा कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार होता. दारू न मिळण्याची कायद्याने तजवीज केलेल्या शहरातही दारू सुटत नसलेल्या माणसांना एकत्र जमावे लागले, यावरून बंदी आणि व्यसनमुक्ती या दोन गोष्टी एक नव्हेत हे दिसते. संघटनेचे भारतातील मध्यवर्ती सेवा कार्यालय पुढे मुंबईत भायखळा येथे स्थिरावले.

याच बारा पायऱ्यांच्या विचाराला निवासी उपचारांची जोड देणाऱ्या संस्था नंतर उभ्या राहिल्या. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. त्यांनी त्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेतील योगाभ्यासाचाही समावेश केला. पुण्यात डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र स्थापन केले. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनाविषयी केलेले लेखन वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी या कामासाठी आर्थिक साहाय्य दिले होते. मुक्तांगणने केंद्रातून बाहेर पडलेल्यांसाठी पाठपुरावा गट चालवण्याची पद्धत रुजवली आणि व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट सुरू केला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' या संस्थेमुळे मानसिक आरोग्याविषयी उघडपणे बोलण्याची सवय या शहराला इतर अनेक शहरांपेक्षा लवकर लागली. डॉ. नाडकर्णी यांचा मुक्तांगणच्या कामाशीही निकटचा संबंध राहिला आहे.

मीटिंगचे स्वरूप

मीटिंग साधारण तास-दीड तासाची असते आणि नोकरदारांच्या सोयीसाठी बहुतेक ठिकाणी संध्याकाळी भरते. जागा साधी असते: महापालिकेच्या शाळेचा वर्ग, चर्चच्या आवारातील खोली, एखादे समाजमंदिर किंवा रुग्णालयाचा कोपरा. लहान मुलांच्या बाकांवर पन्नाशीची माणसे बसलेली पाहून नवख्याला प्रथम संकोच वाटतो. दाराशी नाव-पत्ता लिहून घेणारी वही नसते. संघटनेचे फलक व पुस्तके टेबलावर मांडलेली असतात. एक सदस्य सूत्रसंचालन करतो. प्रारंभी काही मजकुराचे वाचन होते व नंतर एकेक जण बोलतो. बोलणारा आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी असल्याचे सांगतो आणि पूर्वी काय होत होते, काय घडले व आता कसे आहे, हे आपल्या शब्दांत मांडतो. याला सदस्य 'शेअरिंग' म्हणतात. मध्ये कोणी अडवत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. नवख्याने बोललेच पाहिजे असे नाही. 'आज फक्त ऐकतो' एवढे म्हटले तरी चालते.

शेवटी पेटी किंवा पिशवी फिरते. तीत सदस्य ऐच्छिक रक्कम टाकतात आणि त्यातून जागेचे भाडे व चहाचा खर्च भागतो. प्रवेशशुल्क नसते. म्हणून ए.ए.च्या नावाखाली कोणी 'नोंदणी फी' मागितली, तर ती ए.ए.ची मीटिंग नाही असे खुशाल समजावे.

मीटिंगचे दोन प्रकार आहेत. 'बंद' मीटिंग केवळ दारूची समस्या असलेल्यांसाठी असते. 'खुल्या' मीटिंगला कुटुंबीय, विद्यार्थी, परिचारिका, समाजकार्याचे अभ्यासक अशा कोणालाही बसता येते. पहिल्यांदा जाणाऱ्याबरोबर भाऊ किंवा पत्नी येणार असेल, तर खुली मीटिंग निवडावी. नव्या सदस्याला काही काळाने एखादा जुना सदस्य मार्गदर्शक म्हणून मिळतो. त्याला 'स्पॉन्सर' म्हणतात. हा शब्द मराठीत पैशाशी जोडला गेल्यामुळे गैरसमज होतो. येथे स्पॉन्सर म्हणजे रात्री अकरा वाजता पिण्याची इच्छा अनावर झाली तर ज्याला फोन करता येईल असा माणूस. दारू सोडल्याचा दिवस 'वाढदिवस' म्हणून गटात साजरा होतो. आयुष्यभराची शपथ घेण्याऐवजी 'फक्त आजचा दिवस' प्यायची नाही, असा निश्चय रोज नव्याने करण्यावर भर असतो. शपथ मोडली की माणूस अपराधी भावनेने पुन्हा दारूकडे वळतो, हा अनुभव त्यामागे आहे. घसरण झालेल्या सदस्याला गटात परत येण्यास मज्जाव नसतो.

बाळकुम परिसरातून गट शोधणे

बाळकुम हे जुन्या आग्रा रस्त्यावर, कापूरबावडीकडून कशेळीच्या खाडीपुलामार्गे भिवंडीकडे जाताना लागणारे गाव. आगरी-कोळी समाजाची जुनी वस्ती, पाडे, गोदामांत व कारखान्यांत काम करणारे स्थलांतरित कामगार आणि अलीकडच्या काळात माजिवडा-कोलशेत पट्ट्यात उभी राहिलेली उत्तुंग गृहसंकुले, असा येथील समाज आहे. या तिन्ही थरांत दारूचा प्रश्न आहे, फक्त तो लपवण्याच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. रेल्वे स्थानक गावात नाही. ठाणे व कळवा ही जवळची स्थानके असून ठाण्याशी संपर्क मुख्यतः परिवहनच्या बस व रिक्षा यांवर अवलंबून आहे.

गट शोधण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ए.ए.च्या भारतातील सेवा कार्यालयाशी किंवा मुंबई-ठाणे विभागाच्या मदत क्रमांकाशी संपर्क साधणे. हे क्रमांक संघटनेच्या अधिकृत संकेतस्थळावर असतात आणि पलीकडे बोलणारी व्यक्ती बहुधा स्वतःच सदस्य असते. फोन करताना तीन गोष्टी विचाराव्यात: मीटिंगचा वार व वेळ, ती खुली आहे की बंद, आणि ती मराठी, हिंदी की इंग्रजी भाषेत चालते. भाषेचा प्रश्न गौण नाही. वेदना आणि लाज मातृभाषेत सांगणे सोपे जाते. ज्याला इंग्रजी कामापुरतेच येते तो इंग्रजी मीटिंगमध्ये पाहुण्यासारखा बसून परततो आणि 'हे आपल्यासाठी नाही' असे ठरवून मोकळा होतो. गटांच्या जागा शाळेच्या परीक्षा, इमारतीची दुरुस्ती अशा कारणांनी बदलतात. त्यामुळे जुन्या पत्रकावरील पत्त्यावर विसंबून न राहता निघण्यापूर्वी त्याच दिवशी खात्री करून घेणे इष्ट. नवखा येणार असे कळल्यास सदस्य त्याला बसथांब्यावर किंवा स्थानकावर घ्यायलाही येतात.

जवळचाच गट निवडावा असा नियम नाही. गावठाणात एकाच्या घरी काय शिजते ते दुसऱ्याला ठाऊक असते. आपल्याला त्या दाराशी कोणी पाहील ही भीती तेथे खरी असते. ज्यांना अशी भीती वाटते त्यांनी ठाणे स्थानकाच्या परिसरात, किंवा लोकलने कल्याण-डोंबिवलीकडे वा मुलुंडकडे जाऊन मीटिंग गाठण्यास काहीच हरकत नाही. कामाच्या ठिकाणाहून घरी येण्याच्या वाटेवरचा गट अनेकांना सोयीचा वाटतो, कारण पूर्वी पिण्याची वेळही तीच असे. पहिल्या गटात मन रमले नाही तर दुसरा, तिसरा पाहावा. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो, आणि एका मीटिंगवरून निष्कर्ष काढू नये, असे जुने सदस्य आवर्जून सांगतात. सुरुवातीच्या ९० दिवसांत ९० मीटिंगना जावे असा प्रघात आहे. बाळकुमहून रोज जाणे जमले नाही तरी आठवड्याला एकापेक्षा अधिक मीटिंग साधाव्यात.

फोन करण्याचेही धैर्य होत नसेल तर शासकीय मार्ग आहेत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची १४४४६ ही व्यसनमुक्ती मदतवाहिनी आणि २०२२ साली सुरू झालेली १४४१६ ही 'टेलिमानस' मानसिक आरोग्यवाहिनी, या दोन्ही निःशुल्क आहेत. ठाण्यातील प्रादेशिक मनोरुग्णालय आणि महापालिकेचे कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय येथील मनोविकारतज्ज्ञांकडूनही योग्य दिशा मिळू शकते.

वैद्यकीय सावधगिरी

मीटिंगला जाण्याच्या उत्साहात अनेक जण एक धोकादायक गोष्ट करतात, ती म्हणजे एका रात्रीत दारू बंद करणे. वर्षानुवर्षे रोज, विशेषतः सकाळपासून पिणाऱ्याच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत हातांना कंप, घाम, मळमळ, निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेल्या वस्तू व माणसे दिसतात, ताप चढतो, नाडी वेगाने चालते. या अवस्थेला 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात आणि उपचारांविना ती प्राणघातक ठरू शकते. घरची माणसे याला अनेकदा बाहेरची बाधा समजून अंगारा-धुपारा करतात आणि मोलाचे तास वाया जातात. अशी लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावावी व रुग्णालयात 'हा रोज पिणारा असून अमुक दिवशी दारू बंद केली आहे' असे स्पष्ट सांगावे. लाजेपोटी ही माहिती दडवली जाते आणि निदान चुकते. योग्य औषधे व थायमिन हे जीवनसत्त्व देऊन हा टप्पा सुरक्षितपणे पार करता येतो.

स्वमदत गट औषधे देत नाही आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद करण्याचा सल्ला देण्याचा अधिकारही कोणा सदस्याला नाही. जेवणात किंवा चहात गुपचूप औषध मिसळण्याच्या जाहिराती ठाणे जिल्ह्यातील भिंतींवर दिसतात. दारूबरोबर तीव्र प्रतिक्रिया देणारे डायसल्फिराम हे औषध रुग्णाच्या नकळत देणे जिवाला अपायकारक आहे.

खासगी निवासी केंद्र निवडतानाही विचार करावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी संबंधित मानसिक अवस्था 'मानसिक आजार' या व्याख्येत येतात. त्यामुळे अशा रुग्णांना दाखल करून उपचार करणाऱ्या आस्थापनेला राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते आणि रुग्णाला मारहाण किंवा साखळीने बांधणे यांस कायद्याने मनाई आहे. नोंदणी विचारणे हा कुटुंबाचा हक्क आहे.

कुटुंबीयांचे गट

मद्यपीच्या नातेवाइकांसाठी 'अल-ॲनॉन' ही स्वतंत्र संघटना १९५१ पासून अस्तित्वात आहे. विल्सन यांच्या पत्नी लोइस या तिच्या संस्थापकांपैकी एक होत्या. किशोरवयीन मुलांसाठी 'अलाटीन' आहे. पतीने मीटिंगला जाण्यास नकार दिला तरी पत्नी स्वतः अल-ॲनॉनच्या मीटिंगला जाऊ शकते; त्यासाठी त्याची संमती लागत नाही. बाटल्या लपवणे, कार्यालयात 'त्यांना ताप आहे' असे कळवणे, उधारी परस्पर फेडणे ही घरच्यांची धडपड मायेतून होते, पण तिच्यामुळे व्यसनाचे परिणाम व्यसनी माणसापर्यंत पोहोचतच नाहीत, हे या गटांत हळूहळू उमगते. घरात मारहाण होत असेल तर गट हा पुरेसा उपाय नाही. तेथे महिला मदतवाहिनी १८१ आणि पोलिसांची मदत घ्यावी.

अन्य स्थानिक मार्ग

ठाणे-रायगड पट्ट्यात ए.ए. येण्यापूर्वीपासून दारू सोडण्याचे सामुदायिक मार्ग होते. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ घालणारा मद्य-मांस वर्ज्य करतो आणि त्यानंतर साऱ्या गावाला 'त्याने माळ घातली' हे ठाऊक असल्याने त्याला कोणी आग्रह करत नाही. नानासाहेब धर्माधिकारी यांनी सुरू केलेल्या श्रीबैठकी आणि पांडुरंगशास्त्री आठवले यांचे स्वाध्याय कार्य यांमुळेही आगरी-कोळी वस्त्यांतील अनेकांची दारू सुटली. या मार्गांत आणि ए.ए.मध्ये एक ठळक फरक आहे. माळ उघड असते, तर ए.ए.चे सदस्यत्व अनाम असते. ज्याला गावाच्या साक्षीने बळ मिळते त्याला पहिला मार्ग मानवतो. ज्याला गावाचीच लाज वाटते त्याला दुसरा. दोन्ही एकदम चालवणारेही आहेत.

दारू सोडलेल्या माणसाची खरी कसोटी सणासमारंभात लागते. हळदीची रात्र, शिमगा, आषाढ अमावास्येची 'गटारी' आणि ३१ डिसेंबर या दिवशी 'एकाने काय होते' असे म्हणणारे भेटतातच. म्हणून अनुभवी सदस्य अशा संध्याकाळी मीटिंगला जाण्याचे आधीच ठरवून ठेवतात.

परिणामकारकता व आक्षेप

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय मद्य घेतात आणि सुमारे ५.७ कोटी लोकांना मद्यामुळे उद्भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज आहे. मद्यावलंबी व्यक्तींपैकी दर ३८ मागे केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळाल्याचे आढळले. विनामूल्य चालणाऱ्या गटांचे महत्त्व या शेवटच्या आकड्यात आहे.

गटांचा उपयोग होतो का, यावर दीर्घकाळ मतभेद होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत २७ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक सहभागी यांचा विचार करण्यात आला. ए.ए.शी पद्धतशीरपणे जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षअखेरीस पूर्णतः दारूमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ४२ टक्के, तर बोधात्मक वर्तनोपचारासारख्या अन्य उपचारांत ते ३५ टक्के आढळले. हे अभ्यास प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील आहेत आणि ४२ टक्के म्हणजे निम्म्याहून कमी, हेही लक्षात ठेवावे लागते.

बारा पायऱ्यांतील ईश्वराच्या उल्लेखावर निरीश्वरवादी आक्षेप घेतात. 'आपल्याला समजेल तसा ईश्वर' अशी सवलत मूळ मांडणीतच आहे आणि अनेक सदस्य गटालाच ती 'उच्च शक्ती' मानतात. तरीही ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी १९९४ साली सुरू झालेल्या 'स्मार्ट रिकव्हरी'सारखे धर्मनिरपेक्ष पर्याय असून त्यांच्या मीटिंग ऑनलाइन भरतात. स्त्री मद्यपींचा प्रश्न अधिक बिकट आहे. पुरुषांनी भरलेल्या खोलीत जाणे त्यांना अवघड वाटते आणि समाजाची नजरही त्यांच्यावर अधिक कठोर असते. मुक्तांगणने स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग सुरू केला तो याच गरजेतून. ए.ए.च्या मदत क्रमांकावर स्त्री सदस्याशी बोलायचे आहे असे सांगितल्यास तशी सोय करून देण्याचा प्रयत्न होतो.